अपघाताच्या कागदावर 'लक्ष नव्हतं' लिहिलं की चौकशी संपते: कामगाराच्या मनाची जबाबदारी कायद्यानं कुणावर टाकलीय?

पहिलीपाळी | रात्री ९:४०

नमस्कार. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. मी पुणे जिल्ह्यात एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. १९ वर्षं झाली, त्यातली बहुतेक प्रेस शॉपच्या आवाजात गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया कुणी अंदाजही बांधू नये.

काही वर्षांपूर्वी एका ऑपरेटरच्या डाव्या हाताची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली. ज्यांनी प्रेस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या या मशीनला दोन बटणं असतात आणि ती दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागतात, म्हणजे स्ट्रोक खाली येताना हात आत राहत नाहीत. त्या रात्री एक बटण लाकडाच्या पाचरीनं दाबून ठेवलेलं होतं. डाव्या हातानं जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, आत सरकवायचा, उजव्यानं दुसरं बटण मारायचं, तासाला नग जास्त निघतात.

चौकशी झाली. आमच्याकडे 'व्हाय-व्हाय'चा तक्ता असतो, एकाखाली एक पाच वेळा 'का' विचारायचं. बोटं का गेली? हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, होता. का होता? बटण बांधलेलं होतं. का बांधलं? नग भरत नव्हते. का भरत नव्हते? लाइनवर दोन माणसं कमी होती. पाचव्या चौकटीत मी लिहिलं, 'कामगाराचं कामाकडे लक्ष नव्हतं.' सही केली, फाइल बंद.

नंतर त्याच्या खोलीवर भेटायला गेलो. हाताला बँडेज, समोर चहा. तो म्हणाला, "साहेब, प्रेस दिसत होता मला. पण वर चाललाय का खाली येतोय, तेच कळंना." ११ दिवसांत सहा डबल ड्युट्या. कंत्राट त्या महिन्याअखेरीस संपणार, पुढचं सांगत कुणी नव्हतं. सुपरवायझर रोज अख्ख्या लाइनसमोर नगांवरून बोलायचा. खोलीवर आला तरी झोप लागत नव्हती. यातली एकही गोष्ट लपलेली नव्हती. डबल ड्युट्या हजेरीपटावर होत्या, त्यावर माझ्याच खात्याची नजर असायला हवी होती. पाचर सापडली म्हणून मी दुसऱ्या दिवशी सगळ्या मशीनवर पाचरी शोधत फिरलो. हजेरीपट उघडला नाही.

त्यानंतर मी कायदे वाचायला लागलो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि तो चांगला आहे. उपचार मिळणं हा त्यात हक्क मानलाय, शारीरिक आजाराला जसा विमा मिळतो तसाच मानसिक आजारालाही दिला पाहिजे असं कलम २१ सांगतं, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेपासून कलम ११५ वाचवतं. पण हा सगळा दवाखान्याच्या दारापासून पुढचा कायदा. माणूस तिथवर का पोचला हे विचारणं त्याच्या कक्षेत नाही.

कामाच्या जागेचा कायदा म्हणजे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२०. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली, १३ जुने कायदे त्यात आले. मालकाची कर्तव्यं सांगणारं कलम ६ मी पुन्हा पुन्हा वाचलं. इजा, व्यवसायजन्य आजार, आरोग्याला धोका नसलेली जागा, हे सगळं आहे. मनाचं नाव नाही. तिसऱ्या परिशिष्टात कळवायलाच हवेत असे २९ आजार आहेत. शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, आवाजानं येणारा बहिरेपणा आहे. मनाचा एकही नाही.

म्हणजे माझ्या कारखान्यात ९० डेसिबलच्या वर आवाज गेला तर मला मोजावा लागतो, नोंदवावा लागतो, कमी करावा लागतो. ११ दिवसांत सहा डबल ड्युट्या झाल्या तर फार तर ओव्हरटाइमचे तास जास्त झाले म्हणून कागद निघेल. त्यातून माणसाच्या डोक्याचं काय झालं, हे पाहायला कायद्यानं मला सांगितलेलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. कामाची जी रचना माणसाला आतून मोडते, ती गार्ड नसलेल्या मशीनसारखाच धोका मानावी आणि सरकारनं ती मालकाच्या जबाबदारीत लेखी आणावी. तुमच्या क्षेत्रात काय चाललंय, दुसऱ्या देशांत काय नियम आहेत, सांगा. तज्ज्ञ असायलाच हवं असं नाही.

भाकरतुकडा | रात्री १०:१५

वाचून गलबलून आलं. "वर चाललाय का खाली येतोय तेच कळंना", हे वाक्य जाणार नाही डोक्यातून. धागा काढल्याबद्दल आभार.

लेथवाला | रात्री १०:५२

पहिलीपाळी, तुमच्याबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजू लिहितो. माझं छोटं वर्कशॉप आहे, १२ माणसं. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग करून देतो. ऑर्डर येते शुक्रवारी, माल मागतात सोमवारी. पैसे ९० दिवसांनी. ताण मलाही आहे, माझी बायको साक्षीदार आहे. तुम्ही म्हणता तसा नियम आला तर मोठी कंपनी चार जणांचं खातं उघडेल आणि मोकळी होईल. माझ्याकडे आणखी एक रजिस्टर येईल आणि ते तपासायला आणखी एक माणूस येईल. माझ्या पोरांचं त्यानं काय भलं होणार? मी त्यांच्याशी घरच्यासारखा वागतो. कुणाचा बाप आजारी असला तर ॲडव्हान्स देतो, कागद करत नाही.

ठाणेदारीण | रात्री ११:२०

माझे यजमान पोलीस खात्यात आहेत, जिल्हा सांगत नाही. बंदोबस्त लागला की १६-१८ तास उभं. गणपतीत घरच्या गणपतीची आरती त्यांनी १४ वर्षांत दोनदा केली. मुलगा लहान असताना विचारायचा, बाबा घरी राहायला कधी येणार?

पण काम वेगळ्या रीतीनं लावता येतं हे मुंबईत दिसलं होतं. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू केली. दत्ता पडसलगीकर तेव्हा आयुक्त होते, आणि पाळ्यांचं गणित त्या ठाण्यातल्याच एका कर्मचाऱ्यानं बसवून दिलं होतं. माणसं तीच, ठाणं तेच, फक्त पाळ्या नव्यानं लावल्या, आणि मग हा प्रयोग मुंबईत आणखी ठाण्यांत नेला. मला यातलं एकच महत्त्वाचं वाटतं. ताण कमी कसा करायचा हे रोज उभं राहणाऱ्या माणसाला ठाऊक होतं, आणि वरच्यानं त्याचं ऐकलं. आमच्याकडे ताणमुक्ती शिबिर होतं. ह्यांना शिबिराला हजर राहायचं म्हणून साप्ताहिक सुट्टी रद्द झाली होती.

यारा_नदीकाठी | पहाटे ४:३५

मेलबर्नहून लिहितेय, इथे सकाळ आहे. मी वृद्धांच्या निवासात नर्स आहे. पहिलीपाळी जे मागताहेत ते इथे अक्षरशः कायद्यात आलंय म्हणून सविस्तर लिहिते.

न्यू साउथ वेल्समध्ये ऑक्टोबर २०२२ पासून मनाला अपाय करणारे कामातले धोके सुरक्षेच्या नियमांत आले. आमच्या व्हिक्टोरियात वेगळे नियम १ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेत. धोके म्हणजे काय हेही सांगितलंय: कामाचा अति भार, आपल्या कामावर आपला काहीच ताबा नसणं, नेमकं कुणाचं ऐकायचं ते न कळणं, दमदाटी, भयानक प्रसंग सतत पाहावे लागणं. मालकानं धोका शोधायचा, शक्य तेवढा मुळातून काढायचा, नसेल निघत तर काम लावायची पद्धत बदलायची. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही की नुसतं ट्रेनिंग आणि माहिती देणं हा मुख्य उपाय म्हणून चालत नाही. कामाची मांडणी बदलणं शक्य असेल तर ती बदलावीच लागते. योगाचा वर्ग घेतला, पोस्टर लावलं, झालं, असं करता येत नाही.

लेथवाले दादा, हे कागदावरच राहतं का, तर एक खटला सांगते. व्हिक्टोरियात न्यायालयांचा कारभार पाहणारी सरकारी संस्था आहे. तिच्या अखत्यारीतल्या कोरोनर कोर्टात, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी होते तिथे, कर्मचाऱ्यांवर कामाचा डोंगर होता, रोज मृत्यूची वर्णनं आणि फोटो, वर आपसांत दमदाटी. रजेवर गेलेल्या एका कर्मचाऱ्यानं २०१८ मध्ये जीव दिला. सुरक्षेच्या सरकारी नियामकानं खटला भरला, संस्थेनं गुन्हा कबूल केला आणि २०२३ मध्ये तिला ३,७९,१५७ ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. आरोप होता की धोक्याचं नीट मूल्यमापनच केलं नाही. सरकारच्या एका हातानं दुसऱ्या हाताला कोर्टात उभं केलं. हे नवे नियम तेव्हा आलेलेही नव्हते. 'आरोग्य' या शब्दात मनही येतं, असं मूळ कायद्यातच लिहिलेलं होतं, तेवढ्यावर झालं.

माझ्या कामाचं सांगते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीआजोबांच्या मजल्यावर रात्री एकच नर्स असायची. एक आजोबा रात्री दोनला घाबरून उठायचे आणि हाताला येईल ते फेकायचे. ड्युटीच्या दिवशी दुपारपासूनच माझ्या पोटात गोळा यायचा. पूर्वी मॅनेजर विचारायची, "तुला समुपदेशन हवंय का?" मूल्यमापन झालं तेव्हा प्रश्न बदलला: या मजल्यावर रात्री एकटं माणूस का? आता दोघी असतो. आजोबा तसेच उठतात. एक त्यांचा हात धरते, दुसरी दिवा लावते.

कंपाइलर | सकाळी ८:०५

हिंजवडीतून. २०२४ मध्ये पुण्यातल्या २६ वर्षांच्या सीए मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईनं कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेलं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. मानवी हक्क आयोगानं स्वतःहून दखल घेतली, केंद्रानं चौकशी जाहीर केली. कामगार खात्याचे अधिकारी तिच्या ऑफिसात गेले तेव्हा ते ऑफिस कित्येक वर्षं दुकाने व आस्थापना कायद्याच्या नोंदणीविना चाललेलं निघालं. ज्या कायद्यात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा तेव्हा होती, त्याच कायद्याच्या वहीत ऑफिसचं नाव नव्हतं. तास कोण मोजणार?

आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, राज्य मंत्रिमंडळानं काय ठरवलं? कारखान्यात दिवसाचे ९ चे १२ तास, दुकानं-आस्थापनांत ९ चे १०, कारखान्यातला तिमाही ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४. कामगाराची लेखी संमती लागेल म्हणे. माझ्या टीममधल्या फ्रेशरनं मॅनेजरला "माझी संमती नाही" असं लेखी द्यावं, हे घडेल असं कुणाला वाटतं का? मला वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितलं होतं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त असतो, ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत. आपल्याच आर्थिक पाहणी अहवालात, २०२४-२५ च्या, लांबलेल्या तासांनी मन खचतं असं लिहिलंय. एका हातानं अहवाल लिहायचा, दुसऱ्यानं तास वाढवायचे. राग येतो.

साकुरामावशी | सकाळी ९:३०

टोकियोजवळ १५ वर्षं आहे. जपानचं नाव निघणारच होतं, तेव्हा चांगलं-वाईट दोन्ही सांगते.

१९९१ मध्ये एका जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या मुलानं अतिकामापायी जीव दिला. आईवडील कोर्टात गेले. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कामाच्या ओझ्यानं माणसाचं शरीर-मन ढासळू नये हे पाहणं मालकाचं कर्तव्य आहे. नऊ वर्षं लागली त्या आईबापांना. मग २०१४ मध्ये अतिकामाचे मृत्यू रोखण्याचा कायदा आला, २०१९ पासून ओव्हरटाइमला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची सीमा आली, मोडली तर शिक्षा. खास परिस्थितीत मात्र महिन्याला १०० तासांच्या जवळपास जायची मुभा ठेवलीय. ती फट मोठी आहे.

डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी वर्षातून एकदा ताण तपासणी सक्तीची आहे. छोट्या जागांनाही ती लावायचा कायदा २०२५ मध्ये झाला. ५७ प्रश्नांची यादी असते. 'काम फार आहे', 'माझ्या गतीनं काम करता येतं', असं. उत्तरं साहेबाला दिसत नाहीत, आपल्या संमतीशिवाय देता येत नाहीत. पूर्ण विभागाचा मिळून आकडा तेवढा कंपनीला मिळतो. मला ही पद्धत आवडते, कारण बोट माणसाकडे न जाता विभागाकडे जातं. आमच्या शेजारच्या विभागाचा आकडा दोन वर्षं वाईट आला, तेव्हा तिथली रोजची संध्याकाळी ७ ची मीटिंग बंद झाली.

वाईट बाजू अशी. तपासणीत ताण जास्त निघाला तर डॉक्टरांना भेटता येतं, पण त्यासाठी अर्ज कंपनीकडेच करावा लागतो. अर्ज केला की कळलंच सगळ्यांना. माझा आकडा एका वर्षी लाल आला होता. मी अर्ज केला नाही.

नाक्यावरून | सकाळी ११:१०

सगळे प्रतिसाद वाचले. एक विनंती, चर्चा पगारपत्रक मिळणाऱ्यांपुरती ठेवू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातले ४४,७१३ रोजंदारीवरचे होते, चौघांत एकापेक्षा जास्त. राज्यांत सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६.

मी मजूर नाक्यावर नोंदणीचं काम करतो. सकाळी ७ ला माणूस डबा घेऊन उभा राहतो. ९ वाजले, कुणी नेलं नाही, की तो डबा उघडून तिथेच खातो आणि घरी जात नाही, दिवसभर कुठेतरी बसतो. घरी काय सांगणार? या माणसाचा मालक कोण? कुणाच्या कर्तव्याच्या कलमात तो बसवायचा? गाड्यांवरून पार्सल पोचवणारी पोरं सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' म्हणून आली, पण सुरक्षा-आरोग्याच्या संहितेत त्यांना जागा नाही. उशीर झाला की ॲप रेटिंग पाडतं आणि बोलायला समोर माणूसच नसतो.

रात्रीचा_वॉर्ड | दुपारी २:४५

निवासी डॉक्टर आहे, सरकारी रुग्णालयात, शहर लिहीत नाही. ३६ तासांच्या सलग ड्युटीनंतर लिहितोय, चुका माफ करा.

आमच्यासाठी नियम १९९२ पासून आहे. केंद्रीय निवासी योजनेत दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलंय. माझ्या जन्माच्या आधीचा हा कागद आहे आणि तो पाळलेला मी पाहिलेला नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटानं ऑगस्ट २०२४ मध्ये अहवाल दिला. पाहणीतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी १५.३ टक्के आणि एमबीबीएसच्या २७.८ टक्के मुलांनी निदान झालेला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. शिफारस केली की आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको, एक सुट्टी हवी. म्हणजे १९९२ चे ४८, आता ७४ सुद्धा मिळाले तर आनंद अशी गत आहे.

पहिलीपाळी, तुमचा पाचव्या चौकटीचा मुद्दा आमच्याकडेही तसाच. पहाटे चारला माझ्या ज्युनियरनं इंजेक्शनचा डोस चुकीचा लिहिला. सिस्टरांनी पकडला म्हणून वाचलं. कारणाच्या जागी काय लिहिलं गेलं? 'निष्काळजीपणा.' ती ३१ व्या तासाला होती हे कागदात नाही. तिनं नंतर मला विचारलं, "मी डॉक्टर व्हायला लायक नाही का?"

पंचदीप | दुपारी ४:२०

युनियनमध्ये ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचं, काम बघतो. धोरण यायचं तेव्हा येईल, आत्ता जे आहे ते तरी लोकांना कळावं.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल तर साध्या आजारपणात ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. फार कमी जणांना हे ठाऊक असतं की ३४ दीर्घ आजारांची एक यादी आहे. त्या आजारात ८० टक्के पगार मिळतो, दोन वर्षांपर्यंत. त्या यादीत स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्याचा एक प्रकार आणि उन्माद-नैराश्याचा आजार आहेत. अट अशी की दोन वर्षं सलग विमाधारक असावं आणि त्यातल्या सहा-सहा महिन्यांच्या चार वर्गणी-कालखंडांत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी.

अडचण दुसरीकडेच येते. एका माणसाला आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी खरं निदान लिहून दिलं. तो प्रमाणपत्र घेऊन कंपनीच्या गेटपर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, "भाऊ, यावर डोक्याचं लिहिलंय. पाठदुखी करून द्या ना." पाठदुखीवर ९१ दिवस मिळाले, पुढं काही नाही. कलंक म्हणतात तो असा दिसतो. हक्काचे पैसे समोर असताना माणूस पाठ दुखते म्हणतो.

आणि एक. धागा जड आहे, कुणाला वाचताना त्रास झाला असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

कलमदान | संध्याकाळी ६:५०

कामगार न्यायालयात वकिली करते. पहिलीपाळींनी कलम ६ वाचलं, आता कलम १८ वाचा. केंद्र सरकारनं सुरक्षेची मानकं कशाबाबत ठरवायची ते तिथं सांगितलंय: भौतिक, रासायनिक, जैविक 'आणि इतर कोणतेही' धोके. नियमितपणे धोक्याला सामोरं जाऊनसुद्धा कामगाराच्या आरोग्याची वा कार्यक्षमतेची हानी होऊ नये, असा त्याचा उद्देश दिलाय. माझ्या वाचनात हे दार उघडं आहे. संसदेत नवा कायदा आणायची गरज नाही. याच संहितेत राष्ट्रीय सल्लागार मंडळाची तरतूद आहे, मानकांबाबत सल्ला देण्याचं काम त्याचंच. युनियननी, डॉक्टरांच्या संघटनांनी तिथं मागणी लावून धरावी. 'इतर' या शब्दात कामाचा भार, सलग तास, रात्रपाळीतलं एकटेपण, दमदाटी बसवा.

असं होऊ शकतं का? लैंगिक छळाचं पाहा. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला तोवर बाईला त्रास झाला तर ती तिची खासगी बाब होती. २०१३ मध्ये कायदा झाला, आता दहा माणसं जिथं आहेत तिथं समिती लागते. समित्या सगळीकडे नीट चालतात असं नाही, मी रोज पाहते. पण 'हा कामाच्या जागेचा प्रश्नच नाही' असं आज कुणी कोर्टात म्हणू शकत नाही.

आजारी पडलेल्या माणसाच्या नोकरीबद्दल: दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार येतो. सीआरपीएफमधल्या एका अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई चालली होती. ज्या वागण्याबद्दल कारवाई, त्यात त्याच्या आजाराचा वाटा होता. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही कारवाई भेदभाव ठरवली. निकाल मोठा आहे, पण नोकरीवरून काढता येणार नाही हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे. खासगीतल्या माझ्या अशिलांना मी ते वाचून दाखवते तेव्हा त्यांचे चेहरे उतरतात.

कामानंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं, डिसेंबर २०२५ मध्ये परत मांडलं. खासगी विधेयकं सहसा पुढं जात नाहीत, हे धरून चला.

पहिलीपाळी | रात्री ९:१५

कलमदानताई, कलम १८ मी वाचलं होतं, पण 'इतर'वर थांबलो नव्हतो. हे मी आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या गटात नक्की नेणार.

लेथवाले, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. १२ माणसांच्या शॉपवर मोठ्या कंपनीचा नियम जसाच्या तसा टाकला तर तो रजिस्टरातच मरेल, खरं आहे. सोमवारी माल मागणारी मोठी कंपनी हीसुद्धा धोक्याचं मूळ आहे. धोरणात तिचंही नाव यायला हवं, नाहीतर दाब वरून खाली सरकत सरकत तुमच्या पोरांवर येऊन थांबणार. पण घरच्यासारखं वागणं हे तुमच्या स्वभावावर आहे. उद्या शॉप दुसऱ्यानं घेतलं तर? प्रेसचा गार्ड मालकाच्या स्वभावावर सोडत नाही आपण.

नाक्यावरून, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मालकाच्या कर्तव्यावर सगळं उभं केलं तर मालकच नसलेला माणूस बाहेर राहतो. तिथं पुढाकार कामगार कल्याण मंडळांनी आणि सरकारनं स्वतः घ्यावा लागेल.

मी माझ्यापुरतं एक केलं. चौकशीच्या आमच्या कागदावर पाचव्या 'का'नंतर चार ओळी वाढवल्या. गेल्या सात दिवसांत किती तास काम केलं? त्यात रात्रपाळ्या किती? ठरलेल्या माणसांपेक्षा लाइनवर किती कमी होती? अडचण सांगायला त्या पाळीत कुणी होतं का, आणि सांगितली तर काय झालं? उत्तरं हजेरीपटावरून भरायची, माणसाला विचारून नाही, म्हणजे त्याच्यावर 'कमजोर' असा शिक्का बसत नाही. आणि 'लक्ष नव्हतं' हे कारण म्हणून लिहायचं नाही असं ठरवलंय. व्यवस्थापनाला हे पटवायला आठ महिने लागले. पहिल्या वर्षी जे भरलं त्यात निम्म्याहून जास्त किरकोळ अपघात डबल ड्युटीच्या दुसऱ्या पाळीत झालेले निघाले. ते पाहून डबल ड्युटीनंतर दुसऱ्या दिवशी प्रेसवर बसवायचं नाही, असा नियम झाला. आमच्या एका शॉपपुरता आहे.

रात्रीचा_वॉर्ड | रात्री ११:५५

त्या चार ओळी मी मोबाइलवर उतरवून घेतल्या.

लेथवाला | चार दिवसांनी, रात्री ८:३०

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. रागावून लिहिलं होतं, पण ताईंचा मेलबर्नचा मजला डोक्यातून जाईना.

सोमवारी चहाच्या सुट्टीत पोरांना विचारलं, कामातली कुठली गोष्ट घरी गेल्यावरही डोक्यात राहते? पहिल्यांदा कुणी बोललं नाही. मग सीएनसीवरचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचा, पोरगा म्हणाला, "शेठ, रात्रीचे फोन." माझेच. नवीन जॉब सकाळी लावायचा असला की मी रात्री ११ ला फोन करतो, ऑफसेट म्हणजे मशीनमध्ये भरायची मापं विचारतो, टूल कुठलं ते सांगतो. मला वाटायचं दोन मिनिटांचा फोन. तो म्हणाला, फोन येईल म्हणून तो रोज साडेअकरापर्यंत जागा असतो, आला नाही तरी.

त्याला दोन वर्षं झाली माझ्याकडे. एकदाही बोलला नव्हता.

आता प्रत्येक जॉबचा सेटिंगचा कागद करतोय, टूल, ऑफसेट, डायमीटर सगळं लिहून मशीनच्या दाराला आतून चिकटवायचा. सात झालेत, बावीस बाकी आहेत. पहिलीपाळी, तो चार ओळींचा कागद मलाही पाठवा.